घरात कोण असतं?

गावात येणारा रस्ता एकच, आणि तो गावातच संपतो. मोठ्या रस्त्यापासून फुटायचं, खाणीला वळसा घालायचा, ओढ्यावरच्या अरुंद पुलावरून अंग चोरून पलीकडे उतरायचं आणि पाण्याच्या टाकीपाशी येऊन थांबायचं, एवढंच त्याचं काम. पुढं टेकडी आहे. टेकडीला कुठं जायचं नसतं, म्हणून रस्त्यालाही नसतं. बस टाकीभोवती वळते आणि आल्या वाटेनं परत जाते. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा.

बस वळते त्याच्या अगदी समोर शिवणकाकूंचं घर. काकूंचं वय काही फार नाही. पण गावातली निम्मीअधिक मुलं त्यांनी शिवलेल्या गणवेशात लहानाची मोठी झाली, त्यामुळे काकूपण त्यांना जरा लवकरच चिकटलं. शिवणाचं मशीन त्यांनी खिडकीपाशी ठेवलं होतं. लोक समजायचे, उजेडासाठी. उजेडासाठी होतंच, पण संध्याकाळची बस आली की मशीन थांबायचं आणि काकूंची मान वर व्हायची, ती थोरली उतरेपर्यंत वरच राहायची.

थोरली म्हणजे त्यांची मुलगी, दहावीतली. गावातली शाळा सातवीला संपायची. पुढचं शिकायचं तर बसनं बाजारच्या गावी जायचं. थोरलीला गणिताचा भारी नाद. बसमध्ये मांडीवर वही ठेवून गणितं सोडवायची आणि खड्ड्यांमुळे अक्षर बिघडलं की रस्त्यावर चिडायची. तिच्या वर्गात आकडे नीट काढता येत नाहीत म्हणून बोलणी खाणारी ही एकटीच, आणि उत्तरं बरोबर येणारीही हीच.

त्या संध्याकाळी बस आली, माणसं उतरली, थोरली उतरली, आणि तिच्या मागून कंडक्टरबाईही उतरून सरळ काकूंच्या खिडकीशी आल्या. एरवी त्या लांबूनच हात करायच्या.

"काकू, पाणी द्या आधी. मग वाईट बातमी देते."

"आधी बातमी दे. पाणी काय पळून जातंय?"

"पुढच्या महिन्यापासून गाडी आत यायची नाही. फाट्यावरूनच वळणार."

काकूंनी सुईखालचं कापड सोडलं. "का म्हणून?"

"गावात माणसं उरली नाहीत म्हणे. नवी मोजणी झाली ना, त्यात तुमचं गाव फार खाली आलंय. ठरलेल्या आकड्याच्या खाली गाव गेलं की गाडी आत पाठवत नाहीत."

"माणसं उरली नाहीत? मग तुझ्या गाडीतून आत्ता उतरली ती कोण? भुतं?"

"भुतं असती तर गप्प बसून तरी आली असती," कंडक्टरबाई म्हणाल्या. "मीही साहेबांना तेच सांगितलं, की गाडी भरून जाते. ते म्हणतात, भरते ती फाट्यावरच्या वस्त्यांमुळे. आता बोला."

काकूंनी पाणी दिलं, कंडक्टरबाई ते उभ्याउभ्या प्यायल्या, आणि बस निघून गेली. काकूंच्या डोळ्यांपुढं फाट्यापासूनची वाट आली. खाणीच्या कडेनं येणारी, दिव्याचा खांब नसलेली, थंडीच्या दिवसांत शाळा सुटेपर्यंत काळोखात बुडून जाणारी. खाणीचे ट्रक तिथून धुरळा उडवत जायचे. त्या वाटेनं एकट्या पोरीला रोज चालत यायला सांगायचं, हे त्यांच्या जिवाला पटण्यासारखं नव्हतं.

काकूंचे यजमान पंप दुरुस्त करायचे. दिवसभर सायकलवरून शेतोशेती हिंडायचे आणि तिन्हीसांजेला हात काळे करून परत यायचे. हात धुता धुताच त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"ताईकडे ठेवू तिला," ते म्हणाले. ताई म्हणजे त्यांची थोरली बहीण, मुलांची आत्या. बाजारच्या गावात राहायची. "शाळा तिच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. ताई नाही म्हणायची नाही."

"नाही म्हणायच्या नाहीत, ते खरं," काकू म्हणाल्या. "पण तिथं दोन खोल्यांत सात माणसं आहेत. त्यात धाकट्या सुनेचं तान्हं. आपली पोर तिथं अभ्यास करील की पाळणा हलवील?"

"मग दुसरं काय करायचं, सांग."

सासूबाई कोपऱ्यात मुलांचे धुतलेले कपडे घड्या करत होत्या. त्या म्हणाल्या, "फाट्यावरून एकटीनं यायचं नाही. माझ्या जिवात जीव राहायचा नाही. त्यापेक्षा शाळा सोडलेली बरी."

हे ऐकून धाकटा, जो एरवी बहिणीची खोडी काढल्याशिवाय जेवत नसे, तोसुद्धा तिच्याजवळ सरकून बसला. थोरली मात्र शांतपणे म्हणाली, "मी आत्याकडे जाईन. काही हरकत नाही."

तिनं असं म्हणावं, हेच काकूंना सोसवेना. रडली असती, पाय आपटले असते, तर समजूत तरी घालता आली असती. समजूतदार पोरीची समजूत कशी घालायची?

दुसऱ्या दिवशी सकाळी काकू थोरलीबरोबरच बसमध्ये चढल्या. पोर शाळेच्या दारात उतरली आणि काकू पुढं मोठ्या कचेरीपाशी. बस कुठं न्यायची ते याच कचेरीत ठरायचं. काकूंना वाटलं होतं, तासन्‌तास बसवून ठेवतील. पण साहेबांनी लगेच आत बोलावलं आणि खुर्चीही दिली. वाईट सांगायचं असलं की माणसं जरा जास्तच सौजन्यानं वागतात, हे काकूंच्या तेव्हाच ध्यानात आलं.

"तुमच्या गावात घरटी एक माणूस राहतं," साहेब म्हणाले. "तेही बहुतेक ठिकाणी बाईमाणूस. पुरुष कामाला परमुलखात, मुलं शिकायला बाहेर. तुमचं गाव वेगळं नाही, बाई. अशी गावं आता ठिकठिकाणी झालीत."

"माझे यजमान कुठंही गेलेले नाहीत," काकू म्हणाल्या. "गेले असते तर घर थोडं आवरलेलं तरी राहिलं असतं."

शेजारच्या टेबलावरचा कारकून हसला. साहेबांनीही हसू आवरलं. "तुमच्या घरी किती जण?"

"पाच."

"आमच्याकडे एक लिहिलंय."

मोजणीवाला काकूंना चांगला आठवत होता. बारीकसा, नम्र बोलणारा तरुण. भर दुपारी आला होता. त्यांनी त्याला उंबऱ्यात सावलीला उभं केलं होतं, त्याच्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं. खोटं तर काही बोलल्या नव्हत्या.

"त्यानं खोटं लिहिलं म्हणता?" साहेबांनी विचारलं.

"तसं नाही म्हणत. चांगला होता तो मुलगा. पण कुठंतरी चुकलंय."

साहेबांनी थोडा विचार केला. "हे बघा, तुम्ही हरकत घेतलीय म्हणजे फेरमोजणी करता येईल. तोच येईल. प्रामाणिक आहे, मी त्याला ओळखतो. पण गावातल्या कोणी त्याच्याबरोबर फिरायचं नाही. त्यानं विचारायचं आणि त्या त्या घरानं उत्तर द्यायचं. पुन्हा तोच आकडा आला तर मात्र माझ्या हातात काही राहणार नाही."

काकू परत आल्या त्या संध्याकाळच्या बसनं, थोरलीबरोबरच. गावात बातमी पसरायला वेळ लागला नाही. थोड्याच वेळात टाकीपाशी सगळे जमले आणि जो तो आपली अक्कल चालवायला लागला. किराणा दुकानदाराचं म्हणणं असं, की प्रत्येक घरानं दोन-चार माणसं वाढवूनच सांगावीत. "जास्तीची सांगितली तर कोण मोजायला बसलंय?" तो म्हणाला.

"तोच बसलाय मोजायला," काकू म्हणाल्या. "त्याचं कामच ते आहे. एक खोटं सापडलं की बाकीच्यांचं खरंही बुडायचं. जेवढी आहेत तेवढीच सांगा."

"मागच्या वेळी काय वेगळं सांगितलं होतं?" दूधवाल्याची बायको म्हणाली. "मी तर खरंच सांगितलं."

"मीही," दुसरी म्हणाली.

"मीसुद्धा," तिसरी.

सगळ्यांनी खरं सांगितलेलं, लिहिणाराही खरा, आणि आकडा मात्र खोटा. हे कोडं काही कोणाला सुटेना. अंधार पडायला लागला तसे लोक एकेक करून घरी गेले.

मोजणीवाला आला तो बाराच्या उन्हात, डोक्याला रुमाल बांधून. गावाच्या वरच्या टोकापासून त्यानं सुरुवात केली. काकू मशीनवर बसल्या होत्या, पण त्यांचा पाय काही चालत नव्हता. खिडकीतून त्यांना तो लांबवर दिसत होता. दारात उभा राहायचा, दोन शब्द बोलायचा, हातातल्या कागदावर काहीतरी टिपायचा आणि पुढच्या दाराकडे वळायचा. भरभर चाललं होतं. काकूंना वाटलं, एवढ्या लवकर कसं आटपतं? दूधवाल्याच्या घरची माणसं नुसती सांगायची म्हटली तरी दम लागेल.

ऊन कलायला लागलं तेव्हा तो काकूंच्या दारात आला. चेहरा उतरलेला होता.

"या, आत या. उन्हात किती फिराल?" काकू म्हणाल्या. त्यांनी स्टूल पुढं केलं, पाण्याचा तांब्या दिला. तो बसला, पाणी प्यायला, आणि थोडा वेळ रिकाम्या तांब्याकडेच बघत राहिला.

"ताई, तुम्ही कचेरीत आला होता ते मला साहेबांनी सांगितलं," तो म्हणाला. "मी मनापासून पुन्हा विचारत आलो. पण तेच येतंय. वरच्या आळीत एकही घर बदललं नाही."

थोरलीच्या कपड्यांची पेटी काकूंना भरलेली दिसायला लागली.

"आता तुमचं विचारतो," तो म्हणाला. "सांगा, घरात कोण कोण असतं?"

"मीच असते," काकू म्हणाल्या.

"आणखी कोणी?"

"आणखी कोण असणार? सासूबाई कधी असतात, कधी नसतात. आज शेजारी गेल्यात."

त्यानं मान हलवली, एक लिहिलं, जरा थांबून सासूबाईंबद्दल कडेला प्रश्नचिन्ह काढलं. काकूंना आपण काही चुकीचं बोललो असं तसूभरही वाटलं नाही. आपल्या पोरीचं सगळं या एका उत्तरावर टांगलेलं आहे हे ठाऊक असूनही त्यांनी गेल्या वेळचंच उत्तर शब्दाला शब्द पुन्हा दिलं होतं.

एवढ्यात मागल्या दारानं सासूबाई आल्या. पाहुणा बघून त्यांनी पदर सावरला आणि सुनेला म्हणाल्या, "उन्हातनं आलाय बिचारा. त्याला आता जेवल्याशिवाय सोडू नकोस. मी पीठ काढते. संध्याकाळी किती पानं?"

"सहा धरा," काकू म्हणाल्या.

मोजणीवाल्यानं मान वर केली. "सहा? सहा कोणाची?"

"आम्ही पाच आणि तुम्ही सहावे."

"पाच कोण?"

"हे, मी, सासूबाई, दोन मुलं."

"पण ताई, तुम्ही आत्ता म्हणालात, घरात तुम्ही एकट्याच असता."

"असतेच की एकटी," काकू म्हणाल्या. "हे पंपाच्या कामाला जातात, मुलं शाळेत. दिवसभर घरात मीच नाही तर कोण असणार?"

सासूबाई एकदा पाहुण्याकडे, एकदा सुनेकडे बघत राहिल्या. मग मोजणीवाल्याला आणि काकूंना एकाच वेळी उमगलं, आणि काकूंनी कपाळाला हात लावला.

"म्हणजे तुम्ही विचारत होता की राहतं कोण?"

"दुसरं काय विचारणार?"

"आम्हाला वाटलं, घरी कोण सापडेल ते विचारताय. दारात परका माणूस आला की तेच विचारतो ना. घरात कोण असतं, म्हणजे कधी आलं तर गाठ कोणाची पडेल."

मोजणीवाल्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. काकूंना क्षणभर वाटलं, रडतोय की काय. पण त्याचे खांदे हसण्यानं हलत होते. "ताई, कागदावरचं वाक्य फार अवघड आहे हो," तो म्हणाला. "‘सदर कुटुंबात सामान्यतः वास्तव्यास असणाऱ्या व्यक्ती.’ गेल्या वेळी पहिल्याच घरात मी ते जसंच्या तसं वाचलं. तिथल्या आजी म्हणाल्या, नाही रे बाबा, आमच्यात तसलं कोणी नाही. मग म्हटलं, लोकांना समजेल असं सोपं करून विचारू. म्हणून ‘घरात कोण असतं’ असं विचारायला लागलो."

"सोपंच केलंत तुम्ही," काकू म्हणाल्या. "जरा जास्तच सोपं झालं."

"आमच्या घरी माझी आई एकटी असते," तो म्हणाला आणि लगेच थांबला. "राहते. खरंच एकटी राहते. त्यामुळे इथल्या दर दारात एकटी बाई भेटली तेव्हा मला नवल वाटलं नाही. नुसतं वाईट वाटलं. मागच्या खेपेला इथून गेलो तर रात्री मला जेवण गेलं नाही. म्हटलं, हे गाव आता चार वर्षांत मिटलं."

सासूबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. "मिटतंय कशाला? तू संध्याकाळी टाकीवर पाण्याला येऊन बघ. अंगाला अंग घासल्याशिवाय घागर भरत नाही."

तो उठला, तोंडावर पाणी मारलं आणि रुमाल पुन्हा बांधला. दारात जरा घुटमळला. "आता काय विचारू? ‘राहतं कोण’ म्हटलं तर चालेल?"

"चालेल की," काकू म्हणाल्या. "पण आत्ता तुम्हाला आमचा आकडा कशानं कळला?"

"पानांनी."

"मग तेच विचारा. स्वयंपाक करणारी बाई त्यात चुकायची नाही. एक जास्त झालं तर अन्न उरतं, एक कमी झालं तर तिलाच उपाशी राहावं लागतं."

तो पुन्हा वरच्या आळीला गेला. या वेळी काकू खिडकीत बसल्या नाहीत, ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. बरोबर फिरायचं नाही एवढंच साहेब म्हणाले होते, आपल्या ओट्यावर उभं राहायला कोणाची मनाई नव्हती. आणि आता मोजणीवाला एकेका दारात चांगला रेंगाळत होता. बायका बोटांवर मोजत होत्या. आवाज चढत होते, कुठं हशा पिकत होता. दूधवाल्याच्या बायकोचा आवाज तर टाकीपर्यंत ऐकू आला. "अकरा. आणि आमचा मधला दोनदा जेवायला बसतो, त्याला एक धरायचा की दोन?"

"एकच," मोजणीवाला म्हणाला.

"एकदा आमच्याकडे येऊन त्याला जेवताना बघा, मग सांगा."

सगळीकडे असंच होतं असं मात्र नाही. खालच्या आळीत काही घरांना खरोखरच कुलपं होती. तिथली माणसं केव्हाच शहराकडे गेली होती आणि अंगणात गवत माजलं होतं. मोजणीवाला त्या दारांपुढं थांबला, कुलूप हातानं हलवून बघितलं आणि पुढं झाला. इतकी घरं बंद झालीत हे काकूंना ठाऊक होतं, पण अशी एका ओळीत त्यांनी ती कधी बघितली नव्हती. आकडा भरला नाही तर काय, ही धास्ती पुन्हा डोकं वर काढायला लागली.

शेवटचं घर सुईणआजींचं, काकूंच्या घराला लागूनच. आजी उंबऱ्यात पाय पसरून बसल्या होत्या.

"आजी, रात्री किती पानं?"

"दोन," आजी म्हणाल्या.

"दुसरं कोणाचं?"

"मुलाचं."

"मुलगा इथंच असतो? म्हणजे, इथं राहतो?"

आजींनी पसरलेले पाय जवळ घेतले. ओट्यावरून काकू ऐकत होत्या. आजींचा मुलगा बोटीवर कामाला होता हे अख्ख्या गावाला माहीत होतं. तो गेल्यापासून त्याची एक-दोनदा पत्रं आली, फोन आले, पण तो स्वतः आला नव्हता. आजी हो म्हणाल्या असत्या तर कोणी त्यांना खोडून काढणार नव्हतं. उलट गावाच्या भल्याचंच होतं ते.

"राहत नाही," आजी शेवटी म्हणाल्या. "मी आपली त्याच्या वाटचं करते रोज. सवयच पडलीय. ते नको धरू. एकच लिही."

मोजणीवाल्यानं एक लिहिलं. मग त्यांच्याजवळ खाली बसला. "बोटीवरून सुट्टी केव्हा मिळते त्यांना?"

"मिळेल तेव्हा येईल. फाट्यावर उतरून एवढं ओझं घेऊन चालत येणार कसा, हीच एक काळजी लागून राहिलीय. गाडी आत येऊ दे बाबा तेवढी."

संध्याकाळी काकूंच्या घरी सहा पानं मांडली. बस येऊन गेली होती. थोरली हात धुऊन बसली होती, पण तिनं ताटाला हात लावला नव्हता, कारण मोजणीवाला ताटापुढं बसून अजून बेरीज करत होता.

"आधी जेवून घ्या हो," यजमान म्हणाले.

"आता घास खाल्ला तर आकडा विसरेन," तो म्हणाला आणि पुन्हा मध्येच अडखळला. थोरलीनं न बोलता कागद त्याच्या हातातून घेतला. ओठ हलवत ती आकड्यांवरून एकदा वरपासून खाली गेली, मग खालून वर आली. धाकटा तिच्या तोंडाकडे बघत होता. सासूबाई वाढायचं विसरून उभ्या होत्या.

तिनं बेरीज सांगितली. मोजणीवाल्यानं आपली बेरीज सांगितली. दोन्ही जुळल्या.

"किती पाहिजेत?" काकूंनी विचारलं.

"यापेक्षा बरीच कमी," तो म्हणाला. "काठावरसुद्धा नाही ताई. चांगलं वर आहे तुमचं गाव. कुलपं वगळून, बोटीवरचा मुलगा वगळून. माझी सही मी आजच करतो. साहेबांची उद्या होईल. गाडी आत येत राहील."

कोणीच ओरडलं नाही की टाळ्या वाजवल्या नाहीत. काकू होत्या तिथंच भिंतीला टेकून खाली बसल्या. यजमानांनी उगीचच पाण्याचा तांब्या इकडचा तिकडे ठेवला. सासूबाई म्हणाल्या, "चला, गार होतंय," आणि सगळ्यांना वाढायला लागल्या. मोजणीवाल्याला त्यांनी इतकं वाढलं की त्याला ताटावर आडवा हात धरावा लागला. आणि मग थोरलीनं शांतपणे, पण पोटभर रडून घेतलं. इतके दिवस समजूतदारपणात साठवून ठेवलं होतं, ते सगळं एकदाच बाहेर आलं. धाकट्यानं आपल्या ताटातला एक घास काढून तिच्या ताटात ठेवला. त्याच्या हातून असं काही घडल्याची गावात नोंद नव्हती.

जेवणं झाल्यावर मोजणीवाला यजमानांच्या सायकलवर मागं बसून फाट्याकडे गेला. तिथून त्याला शेवटची गाडी मिळणार होती. त्याला सोडून यजमान परत आले तेव्हा काकू भांडी आवरत होत्या.

"ताईला फोन करायचा राहिलाय," ते म्हणाले. "तिला सांगून ठेवलं होतं, पोर येतेय म्हणून. तिनं तयारी केली असेल. वाईट वाटेल तिला."

"नीट सांगा," काकू म्हणाल्या. "आमच्या मनात काही नाही म्हणावं."

यजमानांनी फोन लावला. काकू हात पुसून जवळ येऊन उभ्या राहिल्या. यजमानांनी आधी इकडची तिकडची चौकशी केली, मग घसा खाकरला आणि बसचं सगळं सांगितलं. पोर आता यायची नाही, एवढी तयारी करायला लावली याचं फार वाईट वाटतंय, असंही चार-चारदा म्हणून झालं.

पलीकडे आधी काहीच आवाज आला नाही. मग एक सुस्कारा ऐकू आला. तो इतका लांब आणि इतका मनापासूनचा होता, की तो काकूंना फोन कानाला न लावताच ऐकू आला.

"नाही म्हणजे, आली असती तर आपलीच होती रे," आत्याबाई घाईघाईनं म्हणाल्या. "पण कपाट हलवून जागा करायला गेलो तर ते भिंतीत आणि पलंगात अडकून बसलंय. दोन दिवस झाले, ना आत जातंय ना बाहेर येतंय. तुझे मेहुणे त्यावरून उडी मारून अंघोळीला जातात."

यजमानांनी काकूंकडे बघितलं. काकूंनी तोंडाला पदर लावला. पण हसू काही पदरात मावेना. त्या दाराला टेकून हसत राहिल्या. आतून थोरलीनं विचारलं, "आई, काय झालं गं?" आणि ते सांगायला काकूंना शब्दच सापडेनात.